सेनापती झोर्माला मारा

८ जून, शोवा ५१ (१९७६), मंगळवार

मेला हिरुमा! आज पुन्हा माझ्याच माइकला येऊन चिकटला.

तीन माइक आहेत. उजवीकडचा खलनायकांचा, मधला माझा, डावीकडचा कालपरवा आलेल्या पोरींचा. तसं कुठे लिहिलेलं नाही, पण कार्टूनला आवाज देण्याच्या या धंद्यात ज्याला आपली जागा कळत नाही त्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावत नाही. हिरुमाला मात्र सगळं माफ! तो सेनापती झोर्मा, परग्रहावरच्या फौजेचा म्होरक्या. त्याने उजवीकडे उभं राहून खुशाल पृथ्वीचा सत्यानाश करावा. पण नाही. माझ्या डाव्या खांद्याशी येऊन उभा राहतो, आणि माझं वाक्य आलं की हातातली संहितेची वही जराशी खाली करतो. प्रत्येक वाक्याला! गाण्याच्या मास्तरासारखा. ‘हं, आता म्हण.’

नाटकमंडळीत तो दिग्दर्शक होता आणि मी कायमची दासी. कधी चहा आणणारी, कधी छत्री धरणारी. ‘मित्सुए, तुझा आवाज पोरासारखा आहे, नायिका कशी करणार?’ चारचौघांत म्हणाला होता. म्हणून तर आज पोराचं काम करते! राक्षसी यंत्रमानव गांगारोनला हाक मारणारा सोळा वर्षांचा रिकिया म्हणजे मी. नामावळीत माझं नाव पहिलं. त्याचं पार खाली, घोड्याच्या आवाजाच्या जरा वर.

चित्रं आजही तयार नव्हती. पडद्यावर नुसत्या पेन्सिलच्या आकृत्या, मध्येच कोरा पांढरा पडदा, आणि फिल्मवर ओढलेल्या रंगीत रेघा. तांबडी रेघ दिसली की रिकियाने बोलायचं, निळी दिसली की झोर्माने. रेघ संपली की तोंड बंद. आणि रेघा तरी किती फिकट! पेन्सिल विकत घ्यायची ऐपत नाही का यांची?

१० जून, गुरुवार

गांगारोन पाहिला. टीव्हीच्या पुढ्यात बसून. आमचा संच जुना झालाय, लांबून चित्र विस्कटतं.

दर आठवड्याला तेच चित्र. चुनखडीची खाण दुभंगते, धूळ उडते, गांगारोन गुडघ्यावर हात ठेवून उठतो. एकदाच काढलं आणि दर भागात चिकटवतात, काटकसर! माझी आरोळीही एकदाच घेऊन ठेवूया म्हणाले होते. मी ठणकावलं, रिकियाची आरोळी शिळी मिळणार नाही. ‘गांगारोन, ऊठ!’ दर वेळी घशातून ताजी निघते. बाकी गोष्ट म्हणजे नुसता पत्र्याचा खडखडाट. हे लिहिणाऱ्याला एकदा त्या खाणीत पुरायला हवं.

खालच्या मजल्यावरची मुराकोशीबाई आज जिन्यात बोलली नाही. म्हणे परवा बाजारात तिने हात केला आणि मी तोंड फिरवलं. मी कशाला तोंड फिरवू? दिसली असती तर फिरवलं असतं.

१५ जून, मंगळवार

आज दिग्दर्शक ओदागिरी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘वेळ कशी साधायची ते मित्सुएबाईंकडून शिका. रेघ उमटते न उमटते तोच शब्द बाहेर!’

उमटणारच. मी घरी सगळी संहिता पाठ करून जाते, रंगभूमीची शिस्त आहे ती. ही हल्लीची मुलं कागदात डोकं खुपसून बोलतात. शिवाय एक युक्ती काढली आहे. हिरुमाची वही खाली यायला लागली रे लागली की मी बोलून टाकते. त्याचा हात पूर्ण खाली येऊच देत नाही! दाखवते त्याला, कोण कोणाला शिकवतं ते.

मधल्या सुट्टीत भाताचे गोळे खाताना चिगुसा माझ्या शेजारी येऊन बसली. गांगारोनची दुरुस्ती करणाऱ्या मुलीचं काम करते ती. मी तिला विचारलं, ‘हिरुमा-सान वही हलवतात, तुला राग नाही येत?’

ती म्हणाली, ‘माझ्या वेळी नाही हलवत, बाई.’

म्हणजे फक्त माझ्याच वेळी! पाहा, काय डूख धरून बसलाय.

२२ जून, मंगळवार

त्याने आज लसूण खाल्ला होता. मुद्दाम.

६ जुलै, मंगळवार

खेळणीवाले आले होते. तिघंही सारख्याच करड्या सुटात. टेबलावर पत्र्याचा गांगारोन ठेवला. गुडघ्याचं बटण दाबलं की मांडीतून गिरमिट बाहेर येतं. पुढल्या भागांत हे गिरमिट दिसायलाच हवं म्हणे. ओदागिरी हो-हो करत वाकत होता. कार्यक्रमाचा खर्च ते करतात, त्यामुळे रोबोच्या मांडीत काय असावं तेही तेच ठरवणार.

ते गेल्यावर निर्माता तोकिवा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘बाई, रागावू नका. शरदापासून पुढचे भाग सुरू होतील. यांना वाटतंय रिकिया आता मोठा व्हावा. आवाज एखाद्या तरण्या पोराचा घ्यावा. मी तुमच्या बाजूने बोललो. सध्या तरी गप्प बसलेत. पण ऑक्टोबरपर्यंत एकही चूक नको, बरं का. बोट दाखवायला जागा नको.’

मी त्रेपन्न वर्षांची आहे. हे काम गेलं तर पुढे काय? रेडिओवर आज्या. ‘बाळा, जपून जा.’ एवढंच वाक्य. मग तेही नाही.

देणार नाही. रिकिया माझा आहे.

१३ जुलै, मंगळवार

आत्ता सगळं लख्ख समजलं!

आज लवकर पोचले. काचेपलीकडच्या खोलीत हिरुमा आणि ओदागिरी डोक्याला डोकं लावून बोलत होते. मी दार ढकललं तसे दोघेही गप्प.

मी हसून विचारलं, ‘काय चाललंय?’

ओदागिरी चहा ओतायला वळला. हिरुमा मात्र बेशरमासारखा म्हणाला, ‘तुझंच बोलणं चाललं होतं.’

‘माझं काय?’

‘ऑक्टोबरचं.’

बस्स. आणखी काय ऐकायचं? खेळणीवाल्यांच्या कानात कोणी फुंकर घातली ते कळलं. नाटकमंडळीत त्याचे चार तरणे चेले असतीलच. एकाला आणून उभं करायचं, मधल्या माइकवर. आधी वही हलवून मला चुकवायचं, चुकले नाही तर पाठीमागून काढायचं! नागाला दूध पाजलं तर निदान तो तोंडासमोर फणा तरी काढतो.

आणि चेहरा बघावा, किती साळसूद. अंगात रोजचा तो मोहरीच्या रंगाचा स्वेटर, भर जुलैत.

२० जुलै, मंगळवार

चुकीच्या बसमध्ये बसले. हल्ली बसवर आकडे किती बारीक लिहितात! उशीर होता होता वाचला. हिरुमा दाराशीच उभा होता, माझी वाट पाहत. उशीर झाला असता तर किती आनंद झाला असता त्याला.

२७ जुलै, मंगळवार

काम आटोपल्यावर तोकिवाने थंड सोबा खायला नेलं. शेवया बुडवता बुडवता म्हणाला, ‘खेळणीवाल्यांना नवीन शत्रू हवाय. तीन डोक्यांचा. साचा तयार आहे. म्हणजे जुन्यातलं कोणीतरी मारायला हवं. लेखक म्हणतो, एक तर रिकियाचे आजोबा मारू, नाही तर सेनापती झोर्मा. आजोबा मेले की पोरं रडतात, पत्रं येतात. झोर्माचं खेळणं तसंही खपत नाही. पण हिरुमा-सान म्हणजे जुना माणूस. तुम्हाला काय वाटतं?’

मी घाई केली नाही. रस्सा प्यायले. तोंड पुसलं. मग म्हणाले, ‘रिकियाने झोर्माला मारायला इतका उशीर का लावलाय, असं पोरं मला रस्त्यात विचारतात.’

साफ खोटं. पोरं मला कुठली ओळखतात!

तोकिवा मोठ्याने हसला. ‘मग मारून टाकू.’

घरी येताना मी अख्ख्या रस्त्याने गुणगुणत होते. कपाटातली आलुबुखाराची दारू काढली. कोणी काहीही म्हणो, आज गोड लागली.

३ ऑगस्ट, मंगळवार

वही हलव बाबा, हलव. थोडेच दिवस उरलेत.

१७ ऑगस्ट, मंगळवार

त्याला कळलं. मरणाचा भाग छापून आला.

मला वाटलं होतं आकांडतांडव करेल. निदान तोकिवाकडे जाऊन नाक घासेल. काही नाही. पाठमोरा बसून संहिता वाचली, पेन्सिलने काहीतरी खुणा केल्या. मग माझ्याकडे आला.

‘मित्सुए, तू सांगितलंस त्यांना?’

‘मी कोण सांगणारी? खेळणं खपत नाही म्हणे तुमचं.’

‘हं.’ मग म्हणाला, ‘माझ्यानंतर तिथे कोण उभं राहणार?’

पाहा! मरायला टेकला तरी जागेचा सोस सुटत नाही. मी म्हटलं, ‘कोणी नाही. ती जागा नव्हतीच. तुम्हीच आपली तयार केलीत.’

तो ऐकून मान हलवत गेला. माझं उत्तर घरी येईपर्यंत मला आवडत होतं.

३१ ऑगस्ट, मंगळवार

मेला झोर्मा! लिहून ठेवते, किती बरं वाटलं ते.

खरं तर दृश्य मोठं होतं. गांगारोनच्या पावलाखाली झोर्मा, वर छातीच्या दारात रिकिया. माझं एक वाक्य, त्याचं एक, माझं, त्याचं. चित्र एकही नाही, पडदा कोरा, नुसत्या रेघा. एक चुकला की दोघांचं रीळ मागे, आणि मागे म्हणजे पार पहिल्यापासून. आमचं यंत्र मधूनच उचलून घेत नाही. मी तयारच होते. त्याची वही खाली, माझं वाक्य. वही खाली, माझं वाक्य. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ओदागिरी काचेमागे उभाच राहिला म्हणे.

आणि म्हाताऱ्याने काम चांगलं केलं, हेही लिहिते. ‘पोरा, तू मला हरवलंस, आता पुढे नीट बघून चाल,’ हे झोर्माचं शेवटचं वाक्य. त्याने ते ओरडून म्हटलं नाही. माझ्या कानाशी कोणी बोलावं तसं म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. नट आहे मेला, ते कधी नाकारलं मी?

पण पुढे ऐका. आमच्यात पद्धत अशी, ज्याचं पात्र मेलं त्याने पाऊल न वाजवता मागे जायचं आणि दाराजवळच्या बाकावर बसायचं. तो गेलाच नाही! निळी रेघ संपली, झोर्मा खलास, आणि हा आपला तिथेच, माझ्या खांद्याशी, वही धरून. रिकियाचं पुढे लांबलचक भाषण होतं, खाणीवर सूर्य उगवतो तिथपर्यंत. तेवढा वेळ उभा राहिला. वाक्यावाक्याला वही हलवत राहिला. मेल्यावरही माइक सोडत नाही! असा हटवादी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

दुसरी पद्धत म्हणजे, ज्याने मारलं त्याने मेलेल्याला चहा द्यायचा. सगळे टाळ्या वाजवतात, ‘सुखाने जा’ म्हणतात, थट्टा करतात. मी जवाचा गार चहा ओतला. थोडा बशीत सांडला, पेल्यात पडला तेवढा दिला.

चिगुसा रडत होती. ओदागिरी म्हणाला, ‘हिरुमा-सान, पुन्हा जिवंत करू तुम्हाला, भूत म्हणून.’

हिरुमा हसला. चहा संपवला. निघताना माझ्याजवळ वाकून म्हणाला, ‘पुढच्या आठवड्यापासून डावीकडच्या माइकवर उभी राहा. पडदा तिथून जवळ पडतो.’

डावीकडच्या! पोरीबाळींच्या! जाता जाता एवढं विष ओकून गेला. मी वाकून नमस्कारसुद्धा केला नाही. तो करत होता तेव्हा मी पेला धुवायला वळले.

७ सप्टेंबर, मंगळवार

अक्षर वाकडं येतंय.

तीन डोक्यांच्या शत्रूचं काम करायला नवा पोरगा आलाय, नम्र, उजवीकडच्या माइकवर बरोब्बर उभा राहणारा. माझ्या शेजारी कोणी नाही. मोकळं मोकळं. मी म्हटलं, आता कशी मजा येते बघा.

रीळ सुरू झालं. पडदा पांढरा. मी तांबड्या रेघेची वाट पाहत होते. वाट पाहिली. पाहिली. शेवटी चिगुसा कुजबुजली, ‘बाई, तांबडी—’ आणि तिची ती कुजबुज मुद्रित झाली. रीळ मागे. ओदागिरी चिगुसावर खेकसला.

दुसऱ्यांदा मी आधीच बोलले. नव्या पोराच्या वाक्यावर जाऊन पडले. रीळ मागे.

तिसऱ्यांदा पुन्हा उशीर. त्यानंतर मोजणं सोडलं. कोणी उसासासुद्धा टाकला नाही, त्याचाच जास्त राग आला. करड्या सुटांतला एक काचेमागे बसला होता, नव्या खेळण्यासाठी आला होता. त्याने तोकिवाच्या कानात काहीतरी सांगितलं. तोकिवाने माझ्याकडे पाहिलं नाही.

चूक माझी नाही! रेघा ओढल्याच नव्हत्या. उद्या त्या रेघवाल्या बाईला धरते.

८ सप्टेंबर, बुधवार

गेले फिल्म जोडण्याच्या खोलीत. उसुइबाई तिथे पांढरे हातमोजे घालून बसते, रेघा ओढायचं काम तिचंच. मी दारातूनच तोंड सोडलं. आळशी म्हटलं, पोटावर पाय आणणारी म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग कालची फिल्म दिव्यासमोर धरली आणि माझ्या नाकाजवळ आणली.

रेघ होती. तांबडी. चांगली काडीएवढी जाड, सगळ्या चौकटीभर.

उसुइबाई म्हणाली, ‘जूनपासून मी तांबडी रेघ दोनदा गिरवते, बाई. हिरुमा-सान मुद्दाम येऊन सांगून गेले होते. म्हणाले, माझे डोळे आता गेले, जरा जाड ओढत जा. मी म्हटलं, तुमची तर निळी ना? तर म्हणाले, निळी राहू दे, तांबडी जाड कर. आणि हे कोणापाशी बोलू नको. पण आता ते इथलं काम सोडून गेलेच, म्हणून सांगते.’

हा! म्हणजे म्हातारा आंधळा झालाय! आधी कळलं असतं तर त्याला मारायलासुद्धा लागलं नसतं, आपोआप गेला असता. मी उसुइबाईला तोंडावर हसून दाखवलं आणि निघाले.

रेघ फिल्मवर आहे. मग पडद्यावर का येत नाही? पडदा मळलाय. प्रक्षेपकाचा दिवा गेलाय. तोकिवाला सांगते, दिवा बदला.

जेवायला सानमा मासा भाजला होता. काटे निवडता येईनात. तसाच टाकून दिला.

तांबडी रेघ तर माझी. तो तिचं काय करणार होता?

१४ सप्टेंबर, मंगळवार

दिवा बदलला. पडदा धुतला. शेवटी ओदागिरीने मला डावीकडच्या माइकवर नेऊन उभं केलं, तरीही रेघ दिसली नाही.

मग एकदम सगळं शांत झालं, म्हणजे माझं वाक्य आलं असणार. आणि माझ्या लक्षात आलं, मी पडद्याकडे पाहतच नव्हते. माझी मान डावीकडे वळली होती, वही खाली यायची तिथे. इतके महिने मी तिथेच पाहत आले.

तिथे भिंत होती.